मोबाईल नेटवर्कला तुमचा ठावठिकाणा कसा कळतो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी काही वर्षं मोबाईल नेटवर्कच्या ड्राइव्ह टेस्टचं काम केलं आहे. गाडीत लॅपटॉप आणि चार-पाच फोन घेऊन रस्त्यारस्त्यानं फिरायचं, कुठल्या वळणावर कुठल्या टॉवरची रेंज मिळते, कॉल कुठे तुटतो ते नोंदवायचं. ते काम सुटलं, पण लोकांचे फोन येणं थांबलेलं नाही. कुणाचा मोबाईल चोरीला जातो, कुणाचे वडील घरातून निघून जातात, आणि पहिला प्रश्न येतो : "लोकेशन काढता येईल ना?" काहींना वाटतं, कंपनीच्या पडद्यावर प्रत्येक माणूस ठिपक्यासारखा हलताना दिसतो. काहींना वाटतं, जीपीएस बंद केलं की कुणालाच काही कळत नाही. दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि दोन्हींमुळे लोकांचं नुकसान झालेलं मी पाहिलं आहे. म्हणून नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

फोन नुसता खिशात आहे, मी कुणाशी बोलतही नाही. तरी मी कुठे आहे हे नेटवर्कला कशाला हवं?

कारण तुम्हाला कॉल येऊ शकतो. लँडलाइनची तार घरापर्यंत आलेली असते, त्यामुळे एक्स्चेंजला शोधाशोध करावी लागत नाही. मोबाईलला तार नाही. तुमच्या बहिणीनं नागपूरहून फोन लावला, तर देशातल्या लाखो टॉवरपैकी कोणत्या टॉवरवरून तो तुमच्यापर्यंत पोहोचवायचा हे आधी ठरवावं लागतं.

यावर दोन टोकाचे उपाय सुचतात. एक म्हणजे फोननं काहीच कळवायचं नाही. कॉल आला की सगळ्या टॉवरवरून एकदम हाक मारायची. तसं केलं तर प्रत्येक कॉलसाठी देशभरचे टॉवर हाका मारत बसतील आणि बोलायला जागाच उरणार नाही. दुसरा म्हणजे टॉवर बदलला की दर वेळी फोननं हजेरी लावायची. मग एसटीनं पुण्याहून कोल्हापूरला जाताना फोन वाटभर हजेऱ्या लावत राहील, बॅटरी उतरेल, आणि सगळ्यांच्या हजेऱ्यांनीच नेटवर्क भरून जाईल. खरं नेटवर्क या दोहोंच्या मधली वाट धरतं. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं त्या मधल्या वाटेतून निघतात.

म्हणजे मी नेमका कोणत्या टॉवरखाली आहे, हे कायम माहीत नसतं?

फोन स्वस्थ पडलेला असताना नसतं. हे ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं.

कंपनी शेजारशेजारच्या बऱ्याच टॉवरचा मिळून एक गट करते. २जी-३जीमध्ये या गटाला लोकेशन एरिया म्हणतात, ४जीमध्ये ट्रॅकिंग एरिया. प्रत्येक टॉवर अखंड स्वतःची ओळख हवेत सांगत असतो : देशाचा क्रमांक, कंपनीचा क्रमांक, एरियाचा क्रमांक, आणि स्वतःचा क्रमांक. फोन ते ऐकत असतो. चालता चालता दुसरा टॉवर जास्त चांगला ऐकू येऊ लागला की फोन गुपचूप त्याच्याकडे वळतो. एरियाचा क्रमांक तोच असेल तर तो कुणालाही काही कळवत नाही. क्रमांक बदलला तरच फोन तोंड उघडतो आणि 'मी आता या एरियात आलो' असा छोटा निरोप पाठवतो. याला लोकेशन अपडेट म्हणतात. मी इथे हजेरी म्हणेन.

तेव्हा कोथरूडमध्ये तुम्ही दिवसभर चार टॉवर बदललेत आणि ते चारही एकाच एरियातले असले, तर नेटवर्कच्या वहीत फक्त 'अमुक एरियात' एवढंच राहतं. फोनवर इंटरनेट चालू असेल तर गोष्ट वेगळी. व्हॉट्सअ‍ॅप, मेल, हवामान असं काही ना काही दर थोड्या मिनिटांनी डेटा मागत असतं, आणि त्या प्रत्येक वेळी नेटवर्कला नेमका टॉवर कळतो. आजचा स्मार्टफोन म्हणूनच जुन्या साध्या फोनपेक्षा कितीतरी बोलका आहे.

ज्यांनी २००० च्या आसपासचे नोकिया वापरले त्यांना आठवत असेल : सेल इन्फो चालू केलं की पडद्यावर 'दादर', 'स्वारगेट' अशी नावं यायची. टॉवर आपली ओळख सतत सांगत असतो, हे तेव्हा नुसत्या डोळ्यांनी दिसायचं. ती नावं सेल ब्रॉडकास्टच्या, म्हणजे टॉवरनं आवाक्यातल्या सगळ्या फोनना एकदम सांगायच्या संदेशांच्या, ५० नंबरच्या चॅनलवरून यायची.

ही नोंद राहते कुठे?

दोन वह्यांमध्ये. एक असते तुमच्या मूळ कंपनीकडे, तिचं नाव एचएलआर. तुमचा नंबर, तुमचं सिम, कोणत्या सेवा सुरू आहेत आणि सध्या तुम्ही कोणत्या स्विचच्या, म्हणजे मोबाईल एक्स्चेंजच्या, हद्दीत आहात, हे त्यात असतं. दुसरी त्या हद्दीतल्या स्विचकडे, तिचं नाव व्हीएलआर. तुम्ही हद्दीत आहात तोवरच तुमची माहिती तिथे, आणि तुमचा एरिया कोणता हेही तिथेच.

गावाकडच्या घरी कुणी विचारलं तर आई सांगते, "तो सध्या पुण्याला मावशीकडे आहे." तो आत्ता मावशीच्या कोणत्या खोलीत आहे, हे आईला ठाऊक नसतं, मावशीला ठाऊक असतं. एचएलआर आणि व्हीएलआरची विभागणी अशीच आहे. पोरगा पुण्याहून नाशिकला गेला की नाशिकची वही आईला कळवते, आणि आई पुण्याच्या वहीतलं नाव खोडायला सांगते.

देशांच्या सीमा ओलांडूनही फोन चालू ठेवण्याची सोय उत्तर युरोपातल्या एनएमटी जाळ्यानं १९८१ पासून दिली होती. जीएसएमनं पद्धत जगभर नेली. जीएसएमवरचा पहिला व्यावसायिक कॉल १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये झाला, भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून दिल्लीला. ४जीमध्ये या वह्यांची नावं एचएसएस आणि एमएमई झाली, ५जीमध्ये यूडीएम आणि एएमएफ. काम तेच राहिलं.

कॉल येतो तेव्हा त्या काही सेकंदांत काय घडतं?

२जीचं उदाहरण घेतो, कारण त्यात पायऱ्या स्वच्छ दिसतात. बहीण नागपूरहून नंबर लावते. तुम्ही रत्नागिरीत आहात. आधी हा नंबर आज कोणत्या कंपनीकडे आहे ते पाहिलं जातं. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय २०११ मध्ये देशभर आली आणि ३ जुलै २०१५ पासून राज्य बदललं तरी नंबर तोच ठेवता येतो, त्यामुळे नुसत्या आकड्यांवरून कंपनी ओळखता येत नाही. कंपनी कळली की तिच्या एचएलआरला विचारणा होते. एचएलआर रत्नागिरीच्या हद्दीतल्या व्हीएलआरला विचारतो. तो एक तात्पुरता नंबर देतो, फक्त या कॉलपुरता, आणि त्या नंबरावर कॉल त्या स्विचपर्यंत येतो.

आता खरी शोधाशोध. तुमच्या एरियातल्या सगळ्या टॉवरवरून एकाच वेळी हाक मारली जाते; याला पेजिंग म्हणतात. तुमचा फोन झोपलेला असतो, पण ठरलेल्या वेळी क्षणभर जागा होऊन आपल्या नावाची हाक आहे का ते ऐकतो. ४जीमध्ये ही जाग साधारण दर १.२८ सेकंदांनी येते. इतका काटेकोर झोपतो म्हणून बॅटरी दिवसभर पुरते. हाक ऐकू आली की फोन ज्या टॉवरला ऐकत असतो त्याला उत्तर देतो, आणि त्या क्षणी पहिल्यांदा नेटवर्कला कळतं की तुम्ही नेमके कोणत्या टॉवरखाली आहात. मग चॅनल मिळतं, घंटी वाजते. बहिणीला 'लागत नाहीये' असं वाटणारी ती दोन-चार सेकंदांची शांतता या सगळ्याची असते.

एरिया केवढा ठेवायचा, हे कोण ठरवतं?

कंपनीचे इंजिनिअर. या कामाची मला सगळ्यात जास्त गोडी होती, कारण इथे नकाशापेक्षा माणसं कशी हिंडतात हे कळावं लागतं.

एरिया मोठा केला तर हजेऱ्या कमी होतात, पण प्रत्येक कॉलसाठी जास्त टॉवरवरून हाक मारावी लागते. लहान केला तर हाका कमी, हजेऱ्या जास्त. सीमारेषा कुठून न्यायची हे त्याहून नाजूक. रेषा वाहत्या रस्त्यावरून किंवा भर बाजारातून गेली, तर तिथे बसलेल्या माणसाचा फोन कधी या एरियाचा टॉवर पकडतो, कधी त्या. फोन टेबलावर पडून आणि हजेऱ्या मात्र चालू. 'या घरात आल्यापासून बॅटरी लवकर उतरते' अशी तक्रार आली की आम्ही आधी ही रेषा पाहायचो.

रेल्वेचं दुखणं आणखी वेगळं. कोकण रेल्वेची भरलेली गाडी सीमारेषा ओलांडते तेव्हा शेकडो फोन एकाच मिनिटात हजेरी लावायला धावतात. त्या टॉवरचं नियंत्रणाचं चॅनल एवढ्यात भरून जातं, आणि शेजारच्या वाडीतल्या माणसाचा फोन उगीच लागेनासा होतो. म्हणून सीमारेषा शक्यतो रुळांना निर्जन जागी छेदेल अशी आखतात.

४जीनं यावर चांगला तोडगा काढला. तिथे फोनला एकाच एरियाचं बंधन नसतं. एमएमई त्याला एरियांची यादी देतो, जास्तीत जास्त १६ एरियांची. यादीतल्या कुठल्याही एरियात फिरा, हजेरी नको. शेजारी बसलेल्या दोघांच्या याद्याही वेगळ्या असू शकतात, त्यामुळे सगळ्यांसाठी एकच काटेरी रेषा उरत नाही. हाकही आधी शेवटच्या टॉवरवरून मारतात; उत्तर आलं नाही तर घेर वाढवतात.

वारीत, मोठ्या जत्रेत फोन का लागत नाही, याचंही थोडं उत्तर इथेच आहे. एका जागी लाखो फोन आले की बोलण्याचे चॅनल तर कमी पडतातच, पण हाका मारायची आणि उत्तरं ऐकायची जागासुद्धा भरते. कितीतरी फोन एकदम उत्तर देऊ पाहतात, एकमेकांवर आदळतात, थांबून पुन्हा प्रयत्न करतात. अशा ठिकाणी ट्रकवर उभारलेले तात्पुरते टॉवर आणतात ते याचसाठी. वारीत माउलीची चुकामूक झाली तर फोन लावत राहण्यापेक्षा एसएमएस पाठवा. त्याला फार कमी जागा लागते, आणि पोहोचला नाही तर नेटवर्क आपण होऊन पुन्हा पाठवतं.

'स्विच ऑफ आहे' आणि 'संपर्क क्षेत्राबाहेर आहे' यांत फरक काय?

फोन नीट बंद केला की तो जाता जाता नेटवर्कला निरोप देतो : मी निघालो. नेटवर्क तशी खूण करून ठेवतं, आणि मग कॉल आला तरी हाक मारण्यात वेळ घालवत नाही. ऐकू येतं 'स्विच ऑफ'.

फोन पाण्यात पडला, बॅटरी ओढून काढली, किंवा गाडी बोगद्यात शिरली, तर निरोप जात नाही. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. आत रेंज नसेल तर वहीत तुम्ही अजून शेवटच्या एरियात हजरच असता. नेटवर्क हाका मारतं, उत्तर येत नाही, आणि समोरच्याला 'संपर्क क्षेत्राबाहेर' ऐकू येतं. बाहेर पडल्यावर एरिया तोच असला तर फोन पुन्हा हजेरी लावतोच असंही नाही. गप्प राहून हाकेची वाट पाहतो.

पण मग बंद पडलेला फोन वहीत कायम 'हजर' राहील. ते टाळायला ठरावीक मुदतीनं एक हजेरी सक्तीची असते, तुम्ही जागचे हलला नाहीत तरी. २जीमध्ये ही मुदत सहा-सहा मिनिटांच्या पटीत कंपनी ठरवते. ४जीच्या मानकात नेहमीचं मूल्य ५४ मिनिटांचं आहे. मुदत टळली आणि वर थोडी सवलत देऊनही हजेरी आली नाही, की नेटवर्क स्वतःच तुम्हाला गैरहजर धरतं. म्हणून एकाच बंद फोनबद्दल सकाळी एक संदेश आणि दुपारी दुसरा ऐकू येऊ शकतो. त्यावरून 'मधल्या वेळात कुणीतरी फोन चालू करून बंद केला' असा निष्कर्ष घरचे काढतात. तो काढू नये.

बोलत असताना फिरलो तर?

तेव्हा नेटवर्क तुमच्याबरोबर टॉवरगणिक चालतं. २जीचा फोन बोलताना सेकंदाला साधारण दोनदा कळवतो की आत्ताचा टॉवर किती स्पष्ट ऐकू येतो आणि शेजारचे किती, सहा शेजाऱ्यांपर्यंत. त्यावरून कॉल कधी पुढच्या टॉवरकडे सोपवायचा ते ठरतं.

'टॉवर लोकेशन' किती अचूक असतं?

इथे थांबून सविस्तर लिहितो, कारण या एका गैरसमजानं मला स्वतःला एक रात्र जागवलं आहे.

आमच्या गावाकडचे एक आजोबा, विसरभोळेपणाचा आजार असलेले, संध्याकाळी घरातून निघून गेले. खिशात साधा फोन होता. पोलिसांनी तत्परतेनं टॉवर लोकेशन मागवलं आणि घरच्यांना एक ठिकाण कळलं. सगळं गाव बॅटऱ्या घेऊन त्या टॉवरभोवती रात्रभर हिंडलं. मी पहाटे पोहोचलो आणि विचारलं, "सेक्टर कुठला?" तेव्हा नोंद पुन्हा पाहिली गेली. आजोबा सकाळी टॉवरपासून चार किलोमीटरवर, कालव्याकाठच्या देवळात सापडले. भेदरलेले, पण सुखरूप. सेक्टरची दिशा रात्रीच पाहिली असती, तर शोध त्याच बाजूला सुरू झाला असता.

नोंदीत पत्ता असतो तो टॉवरचा. माणूस त्या टॉवरच्या आवाक्यात कुठेही असू शकतो. एका टॉवरवर साधारणपणे तीन दिशांना तीन सेक्टर असतात, प्रत्येकाच्या वाट्याला वर्तुळाचा तिसरा हिस्सा, म्हणजे १२० अंश. तेव्हा मिळते ती भाकरीच्या तुकड्यासारखी एक पाचर. दाट शहरात ती काहीशे मीटरची, मोकळ्या माळावर कित्येक किलोमीटरची.

पाचरीतलं अंतरही काही वेळा कळतं. फोनचा आवाज टॉवरपर्यंत यायला किती वेळ लागतो ते नेटवर्क मोजत असतं, कारण दुरच्या फोननं किंचित आधी बोलायला सुरुवात करावी लागते. २जीमध्ये हे माप साधारण ५५० मीटरच्या पायऱ्यांत असतं, ० ते ६३. म्हणूनच २जीच्या टॉवरचा पल्ला नेहमीच्या मांडणीत ३५ किलोमीटरवर संपतो. ४जीमध्ये पायरी साधारण ७८ मीटरची. हे माप मिळालं तर अख्ख्या पाचरीऐवजी एक कमानीसारखा पट्टा उरतो. मात्र कॉलच्या नोंदीत ते असेलच असं नाही, आणि नंतर मागून मिळेलच असंही नाही.

शिवाय फोन सगळ्यात जवळचा टॉवर पकडतो हे गृहीतच चुकीचं आहे. जो चांगला ऐकू येतो तो पकडतो. पाण्यावरून लहरी अडथळ्यावाचून जातात. दाभोळच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाचा फोन खाडीपलीकडे धोपाव्याच्या बाजूचा टॉवर पकडू शकतो. नोंदीत दापोलीऐवजी गुहागर तालुका येईल, आणि फेरीबोट नसेल तेव्हा तिथे जायला केवढा वळसा पडतो हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. सह्याद्रीत गडाच्या माथ्यावर उलटं होतं. खालच्या गावातला टॉवर डोंगराच्या कुशीत दडलेला असतो आणि दूर देशावरचा टॉवर थेट नजरेच्या रेषेत. वाट चुकलेल्या ट्रेकरची टॉवर नोंद वीस किलोमीटर दूरची आली तर ती चुकीची नसते. तिचा अर्थ लावायला तो मुलूख माहीत असावा लागतो.

फोनमधलं 'लोकेशन' बंद केलं तर नेटवर्कला मी दिसणार नाही का?

दिसाल. ते बटण ॲपसाठी आहे. जीपीएससाठी फोन फक्त ऐकतो. उपग्रहांना तुम्ही कुठे आहात हे कधीच कळत नाही. त्यावरून फोननं काढलेला ठिकाणा ॲपला द्यायचा की नाही, एवढंच त्या बटणानं ठरतं. हजेरी आणि हाक यांचा त्याच्याशी संबंध नाही. ती थांबवायची तर एअरप्लेन मोड लावायचा किंवा फोन बंद करायचा, आणि मग कॉलही येणार नाही.

सिम काढून टाकलं तर?

सिम नसलेला फोन टॉवर ऐकत राहतो, पण हजेरी लावत नाही. आणीबाणीचा कॉल मात्र लावता येतो. चोरानं दुसरं सिम घातलं, तर फोनचा स्वतःचा १५ आकडी आयएमईआय क्रमांक नव्या सिमबरोबर नेटवर्कसमोर येतो. संचार साथी पोर्टलवर हरवलेला फोन ब्लॉक करण्याची सोय यावरच उभी आहे. *#०६# दाबून दिसणारा तो आकडा आजच घरातल्या डायरीत लिहून ठेवा.

दुबईला उतरल्यावर तिथल्या नेटवर्कला मी भारतातला, हे कसं कळतं?

सिममध्ये आयएमएसआय नावाचा १५ आकड्यांपर्यंतचा क्रमांक असतो. त्याचे पहिले तीन आकडे देशाचे. भारतीय सिमला ४०४ किंवा ४०५. तिथलं नेटवर्क ते वाचून भारतातल्या तुमच्या कंपनीच्या एचएलआरला विचारतं : हा तुमचा आहे का, सेवा देऊ का? होकार आला की एचएलआरमध्ये दुबईच्या स्विचची नोंद होते आणि भारतातल्या शेवटच्या व्हीएलआरमधून तुमचं नाव निघतं. तुमचा फोन विमानतळावर सुरू झाल्याबरोबर स्वागताचा एसएमएस येतो तो या व्यवहारानंतर. तुमच्या भारतातल्या कंपनीला 'दुबईतलं अमुक नेटवर्क' एवढं कळतं. देरा की बर दुबई, हे तिथल्या वहीत.

मुंबई आणि उरलेला महाराष्ट्र-गोवा ही दूरसंचार खात्याची दोन वेगळी सर्कल आहेत. मुंबईचं सिम घेऊन खंडाळ्याचा घाट चढलं की पूर्वी रोमिंगचे पैसे कापले जायचे ते त्यामुळे. पैसे कापणं गेलं, सर्कल आहेत तशीच आहेत.

नंबर टाकला की लोकेशन दाखवणारी ॲप्स आणि साइट खऱ्या असतात का?

नाहीत. नंबरच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून तो मुळात कोणत्या कंपनीला आणि सर्कलला दिला होता एवढंच त्या सांगतात, आणि नंबर पोर्ट केला असेल तर तेही चुकतं. नकाशावर हलणारा ठिपका दाखवून पैसे किंवा ओटीपी मागणारी साइट फसवणूक करते आहे. घरातलं माणूस हरवलेलं असताना लोक यात पैसे घालवतात, आणि त्याहून वाईट म्हणजे वेळ घालवतात. मला याचा फार राग येतो.

पण बाहेरचं कुणी चोरून पाहूच शकत नाही, असं आहे का?

तसं नाही. कंपन्यांची स्विच एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात ती एसएस७ ही जुनी पद्धत १९७०-८० च्या दशकांतली. तेव्हा जाळ्यावर मोजक्या, बहुतांशी सरकारी कंपन्या होत्या आणि विचारणारा आपलाच, असं धरलेलं होतं. 'हा नंबर कुठे आहे' असा प्रश्न दुसऱ्या देशातल्या कुणीतरी त्या जाळ्यात शिरून विचारला तर उत्तर मिळू शकतं, हे टोबियास एंगेल या जर्मन संशोधकानं २०१४ च्या डिसेंबरात हॅम्बुर्गच्या परिषदेत दाखवून दिलं. त्यानंतर कंपन्यांनी असे प्रश्न अडवणाऱ्या चाळण्या बसवायला सुरुवात केली.

दुसरी वाट खोट्या टॉवरची. हाक तुमच्या खऱ्या क्रमांकानं मारली तर कुणीही ऐकेल, म्हणून नेटवर्क प्रत्येकाला टीएमएसआय नावाचं तात्पुरतं नाव देतं आणि ते बदलत राहतं. खोटा टॉवर फोनला म्हणतो, "तुझं तात्पुरतं नाव मला कळत नाही, खरं सांग." २जी ते ४जीचे फोन तेव्हा आयएमएसआय उघडा सांगून टाकतात. ५जीच्या मानकात तो कायमचा क्रमांक कुलूपबंद करून पाठवण्याची सोय आहे. ही सुधारणा फार आधी व्हायला हवी होती, असं माझं ठाम मत आहे.

कंपनी या नोंदी किती दिवस ठेवते आणि त्या कुणाला मिळतात?

वहीतली चालू नोंद पुसली जाते, पण कॉलची नोंद, म्हणजे सीडीआर, राहते. तिच्यात कुणाला, केव्हा, किती वेळ याबरोबर कॉल सुरू झाला तो सेल (म्हणजे टॉवरचा सेक्टर) आणि संपला तो सेलही असतो. २०२१ च्या डिसेंबरात दूरसंचार खात्यानं परवान्याच्या अटी बदलून या नोंदी किमान दोन वर्षं ठेवणं बंधनकारक केलं. आधी मुदत एक वर्षाची होती. नवऱ्याला बायकोचा, मालकाला नोकराचा सीडीआर मागता येत नाही. तपास यंत्रणेला कायद्यानं ठरवलेल्या वाटेनंच तो मिळतो. खासगी गुप्तहेरानं 'काढून' दिलेला सीडीआर हा गुन्ह्याचा मुद्देमाल आहे.

या कोरड्या ओळींमधून माणूस किती दिसतो, हे जर्मनीतल्या माल्टे श्पिट्झ या राजकीय कार्यकर्त्यानं जगाला दाखवलं. त्यानं आपल्या फोन कंपनीकडून कोर्टकचेरी करून स्वतःच्याच सहा महिन्यांच्या नोंदी मिळवल्या. पस्तीस हजारांहून जास्त ओळी. २०११ मध्ये त्या नकाशावर मांडल्या गेल्या, आणि तो कोणत्या गाडीत होता, रात्री कुठे झोपला हे कुणालाही पाहता येऊ लागलं. अमेरिकेत टिमोथी कार्पेंटर याच्या खटल्यात तपास यंत्रणांनी १२७ दिवसांच्या १२,८९८ टॉवर नोंदी मिळवल्या होत्या. २०१८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अशा नोंदींसाठी एरवी न्यायालयाचं वॉरंट लागेल.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालानं खासगीपणा मूलभूत हक्क ठरला. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांच्या पीठानं, जामिनावर सुटलेल्या माणसानं गुगल मॅप्सची पिन सतत पोलिसांना दाखवत राहावी ही अट रद्द केली. टॉवर नोंदींबद्दल तितका स्पष्ट निकाल आपल्याकडेही यावा, असं मला मनापासून वाटतं. आजोबांना शोधायला याच नोंदी कामी आल्या; त्या मिळू नयेत असं मी म्हणणार नाही. पण कोणी, कशासाठी मागितल्या याचा हिशेब कुणा तटस्थ माणसापुढे द्यावा लागला पाहिजे.

मोबाईलवर भोंग्यासारखा सरकारी इशारा येतो, तेव्हा मी कुठे आहे हे सरकार पाहत असतं का?

नाही. २०२३ मध्ये देशभर चाचण्या झाल्या तो सेल ब्रॉडकास्ट होता. ठरावीक टॉवर एकच संदेश हवेत सोडतात आणि ऐकू येईल तो प्रत्येक फोन वाजतो. कोण ऐकतंय याची यादी लागत नाही. नोकियावरच्या 'स्वारगेट'चीच ही मोठी बहीण.

११२ ला फोन केला की त्यांना माझा ठिकाणा आपोआप कळतो ना?

टॉवरवरून अंदाज येऊ शकतो, आणि १ जानेवारी २०१८ पासून विकल्या जाणाऱ्या मोबाईलमध्ये जीपीएस असणं सक्तीचं आहे. तरी त्यावर विसंबू नका. फोन उचलल्याबरोबर आधी जागा सांगा : गाव, रस्ता, जवळची खूण, महामार्गावर असाल तर किलोमीटरचा दगड. काय झालं ते नंतर. कॉल मध्येच तुटला तरी जागा पोहोचलेली असते.

घरचं माणूस हरवलं आहे. आत्ता या क्षणी काय करू?

पोलीस ठाण्यात जा. चोवीस तास थांबायचा कुठलाही नियम नाही, आणि बॅटरी संपायच्या आत गेलात तर नोंद ताजी मिळते.

स्मार्टफोन असेल तर वाट पाहता पाहता घरातल्या कुणीतरी त्या माणसाच्या गुगल किंवा ॲपल खात्यातून फोन शोधण्याची सोय उघडून पाहा. तो ठिकाणा टॉवरपेक्षा कितीतरी अचूक असतो. सगळ्या नातेवाइकांनी एकामागून एक फोन लावून बॅटरी संपवू नका. एकानंच थोड्या थोड्या वेळानं लावा, आणि घंटी वाजली किंवा 'संपर्क क्षेत्राबाहेर' ऐकू आलं, जे झालं ते वेळेसकट कागदावर लिहा.

सिम बंद करायला सांगू नका. फोन चोरीला गेला असेल तर सिम लगेच बंद करायचं असतं, कारण चोर ओटीपी वापरतो. माणूस हरवलं असताना मात्र चालू सिम हाच धागा असतो. ते बंद केलं की फोन हजेरी लावायचा थांबतो.

टॉवरची माहिती आली की तीन गोष्टी विचारा : शेवटची नोंद किती वाजताची, टॉवरचा सेक्टर कोणत्या दिशेचा, आणि टॉवरपासूनचं अंतर मिळतंय का. मग नकाशावर टॉवरपासून त्या दिशेला पाचर काढा, तिच्यातले रस्ते, ओढे, कालवे, देवळं, एसटीचे थांबे लिहून काढा, आणि माणसं वाटून द्या. त्या भागातला एखादा गुराखी किंवा एसटीचा कंडक्टर बरोबर घेतलात तर फार बरं.